नदीच्या हातातला दगड

मंडळी, बोलायला लागण्याआधी एक दगड फिरवायला देतो. पहिल्या रांगेपासून निघू द्या. प्रत्येकाने हातात घ्या, तळव्यावर फिरवून बघा आणि मागे द्या. जड आहे, पोरांच्या हातात देताना खालून आधार धरा. आमच्या मळ्याच्या बांधावरचा हा गोटा, कुकडी नदीचा. नारळाहून थोडा लहान, काळाभोर, आणि इतका गोल की जमिनीवर ठेवला तर गडगडत जातो. कुणा पाथरवटाचा हात याला लागलेला नाही. एका बाजूला जरासा चपटा आहे, ते अंगठ्याला कळेल. त्या चपट्या बाजूबद्दल मला सांगायचं आहे, पण आधी तो तुमच्या हातातून फिरू दे.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘सह्याद्री कोणी कोरला?’ उत्तर तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पाचवीच्या भूगोलापासून आपण म्हणत आलोय : नदीने. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला आणि दर वर्षी पहिल्याच तासाला मुलांना विचारलं, की पाणी एवढं मऊ आणि आपला काळा कातळ एवढा कठीण, मग नदी त्याला कापते कशी? उत्तर ठरलेलं असायचं : “सर, पाणी सतत वाहतं ना, म्हणून.” शिक्षकही हेच सांगतात, पुस्तकंही हेच सांगतात, आणि कीर्तनात तर थेंबे थेंबे दगडाला भोक पडतंच. माझा या ‘सतत’वर आक्षेप आहे. आज तुम्ही वेळ दिलाय, तर तो आक्षेप मी नीट मांडणार आहे.

तुम्ही कुकडीकाठची माणसं. मार्गशीर्षात नदीवर गेलात तर काय दिसतं? धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलेलं नसेल तर घोट्याएवढं पाणी, तळ स्वच्छ दिसतोय, मासे दिसताहेत, आणि कातळावर शेवाळ. ज्या खडकावरून दिवसरात्र पाणी वाहतंय त्याच खडकावर हिरवंगार, बोटभर लांब शेवाळ. आता मला सांगा, ते पाणी जर कातळ कापत असतं, तर शेवाळ टिकलं असतं का? पाय घसरतो म्हणून आपण शेवाळाला शिव्या देतो, पण त्याची साक्ष फार मोलाची आहे. हे पाणी इथे काहीही कापत नाहीये, हे ते आपल्याला रोज सांगतंय. नितळ पाणी कातळावरून हात फिरवल्यासारखं निघून जातं. माती सुटी असेल, वाळू सुटी असेल तर तो भाग निराळा, ती पाणी उचलून नेतं. पण अखंड काळा कातळ नुसत्या पाण्याला दाद देत नाही.

मग कापतं काय?

आमच्या जुन्या घरात पडवीला दगडी उखळ होतं, जमिनीत पुरलेलं. माझ्या आज्जीच्या सासूपासूनचं. मी लहान असताना त्याचा तळ इतका खोल गेला होता, की मिरची कांडताना आज्जीचा हात कोपरापर्यंत आत जायचा. ते उखळ मिरचीने झिजलं का? धान्याने झिजलं का? मुसळाने झिजलं. वर उचलायचं, खाली हाणायचं, त्याच जागी, चार पिढ्या. मुसळाला खाली लोखंडी वसू होती आणि तीसुद्धा झिजायची, लोहाराकडून बदलून आणावी लागायची.

निघोजची कुंडं म्हणजे नदीची उखळं आहेत. तुमच्यापैकी बहुतेक जण तिथल्या मळगंगा देवीच्या दर्शनाला जाऊन आलेत. अलीकडे पारनेर तालुका, पलीकडे शिरूर, मधून कुकडी, आणि तिच्या पात्रात कातळाला शेकडो भोकं. आपण त्यांना रांजणखळगे म्हणतो आणि त्याहून चपखल शब्द मला कुठल्याच भाषेत सापडला नाही. तोंड अरुंद, पोट मोठं, आतली भिंत रांजणासारखीच घोटीव. उन्हाळ्यात एखादा खळगा कोरडा पडलेला असतो. त्याच्या काठाशी पोटावर झोपायचं आणि आत डोकवायचं. तळाशी तुम्हाला गोटे दिसतील, चार, सहा, दहा. ते मुसळ. पुरात पाण्याचा भोवरा त्या खळग्यात शिरतो, गोट्यांना गरागरा फिरवतो, आणि गोटे भिंत खरवडतात, तळ खरवडतात. भिंतीवर हात फिरवला तर मळसूत्रासारखी आडवी, तिरकी खोबण लागते. भोवरा कोणत्या बाजूने फिरला ते त्यातून कळतं. शेजारचे दोन रांजण फुगत फुगत एकमेकांना भिडतात, मधली भिंत कागदासारखी होते आणि एका वर्षी फुटते. दोनाचा एक, एकाला तिसरा जोडला, असं होत होत सरळ अरुंद घळ तयार होते. निघोजला सबंध नदी उन्हाळ्यात ज्या घळीतून जाते, ती अशी रांजण जोडून जोडून झालेली आहे. हे सगळे टप्पे तिथे एकाच नजरेत दिसतात : हाताचा पंजा मावेल एवढं नुकतं लागलेलं भोक, माणूस उभा राहील असा रांजण, फुटलेली भिंत, आणि घळ. जगभरचे भूगोलाचे विद्यार्थी चित्रात जे बघतात ते आपल्याला एस्टीच्या तिकिटात बघायला मिळतं. आणि आपली माणसं तिथे जाऊन काय करतात, तर पाण्याच्या बाटल्या त्या रांजणात टाकतात. मी स्वतः पोरांना घेऊन पोत्याने बाटल्या काढल्या आहेत. हजारो वर्षं जिथे दगड फिरला, तिथे प्लास्टिक तरंगताना बघून मला फार वाईट वाटतं.

आणखी एक गंमत सांगतो, ती मला फार आवडते. कुकडी उगम पावते नाणेघाटाच्या परिसरात. आणि नाणेघाटाच्या तोंडाशी सातवाहनांच्या काळातला जकातीचा म्हणून दाखवला जातो तो दगडी रांजण आहे. म्हणजे नदीच्या उगमाशी एक रांजण माणसाने छिन्नीने कोरला, आणि तीच नदी खाली निघोजला येऊन गोट्यांनी शेकडो रांजण कोरते. दोघांनी एकच कातळ वापरला आणि रीत तीच, कठिणाने कठीण झिजवायचं.

तर माझं म्हणणं हे आहे. नदी पाण्याने कापत नाही, दगडाने कापते. पाणी हा तिचा हात आहे आणि दगड हे हत्यार. आणि दुसरं म्हणजे ती रोज कापत नाही. वर्षातले थोडे दिवस, काही वर्षं तर एकही दिवस नाही.

या दुसऱ्या गोष्टीचा मला कसा उलगडा झाला ते सांगतो. आमच्या कॉलेजच्या मागून एक ओढा जायचा. एका वर्षी मे महिन्यात मी आणि माझ्या वर्गातल्या पोरांनी त्या ओढ्यातले पन्नास गोटे निवडले. हा तुमच्याकडे फिरतोय ना, साधारण तेवढे. त्यांना पिवळा ऑइलपेंट दिला, काळ्या रंगाने नंबर टाकले आणि एका ओळीत ओढ्यात मांडून ठेवले. सगळ्यांचं वजन वहीत. कल्पना अशी, की दिवाळीच्या सुट्टीनंतर बघायचं कोण किती पुढे गेला. पोरं तर पैजा लावून बसलेली.

पावसाळा झाला. ओढा वाहिला, चांगला वाहिला, दोनदा तर आमच्या सायकली अलीकडेच ठेवाव्या लागल्या. दिवाळीनंतर जाऊन बघतो तर पन्नासच्या पन्नास तिथेच. तीन गोटे कुशीवर वळलेले. बस. पोरांचा विरस झाला. मी म्हटलं, राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. दुसऱ्या वर्षी एकोणपन्नास. मी घाबरलो, म्हटलं एक गेला कुठे? तर सतरा नंबरचा गोटा वस्तीवरच्या कुणीतरी काठावर उचलून ठेवला होता आणि त्याला शेंदूर लावला होता. पिवळ्यावर शेंदरी छान दिसत होता, पुढे दोन झेंडूची फुलं. (सभागृहात हशा) हसा, पण त्या माणसाने योग्य केलं. ओढ्यात असा रंगीत, गोल दगड मिळाला तर माणूस काय करणार! आम्ही तो परत मागितला नाही. वहीत लिहिलं, ‘क्र. १७ : देव झाला.’

तिसऱ्या वर्षी जून गेला, जुलै गेला, ऑगस्टात तर उघडीपच होती. सप्टेंबरात परतीच्या पावसाने एका रात्री तीन तास झोडपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावत ओढ्यावर गेलो. ओळखू येईना. ज्या कडेला आमची ओळ होती तिथे मधोमध नवा डोह पडला होता. पन्नासातले आम्हाला चार सापडले. एकतीस नंबरचा सव्वा किलोमीटर खाली, मोरीच्या पलीकडे, त्याचा रंग फक्त आकड्यापुरता उरलेला आणि एक बाजू फुटून चपटी झालेली. तुमच्या हातात फिरतोय त्याच्यासारखी. ती चपटी बाजू म्हणजे गोट्याने कुठेतरी कातळाला जोरात धडक दिल्याची खूण आहे. त्या धडकेत गोट्याचा टवका गेला, तसा कातळाचाही गेला. फुटलेली कड पुढच्या पुरात पुन्हा घासून गोल होते, म्हणून तुम्हाला ती बोचत नाही, नुसती चपटी लागते.

तीन पावसाळे धरले तर साडेतीनशेच्या वर दिवस ओढा वाहिला असेल. त्यातल्या एका रात्री, तीन तास, त्याने काम केलं. उरलेले दिवस तो वाहत होता, इतकंच.

याच्यामागे हिशोब आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते हलवू शकतं त्या दगडाचं वजन दुप्पट होत नाही, चौपटही होत नाही. वजन ६४ पट होतं. वेगाचा सहावा घात. काल ज्या पाण्याला अर्ध्या किलोचा गोटा हलत होता, वेग दुप्पट झाल्यावर त्याच पाण्याला बत्तीस किलोचा धोंडा हलतो. म्हणून सरासरी काढून नदी कळत नाही. वर्षभराचं पाणी भागिले तीनशे पासष्ट, असा आकडा कागदावर शोभतो. पण त्या सरासरीच्या पाण्याने एक खडाही हलत नाही. आपल्या दख्खनच्या नद्यांत तर हे फारच. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत, आणि त्या चार महिन्यांतला मोठा पूर दोन-चार दिवसांचा. जुन्या लोकांना हे माहीत होतं. आमच्याकडे म्हातारी माणसं पावसाळ्याची आठवण महिन्याने सांगत नाहीत, पुराने सांगतात. “त्या पुरात डोह सरकला”, “त्या पुरात आंब्याखालची मळई आली.”

मळई हा शब्द नव्या पोरांना ठाऊक नसेल, म्हणून थांबतो. नदी वळणावर बाहेरचा काठ खाते आणि आतल्या काठावर गाळ आणून टाकते. पूर ओसरला की ती नवी, मऊ, साय आल्यासारखी जमीन दिसते, ती मळई. आपल्या महसुलाच्या कायद्यात नदीने आणून दिलेल्या जमिनीचीही तरतूद आहे आणि नदीने वाहून नेलेल्या जमिनीचीही. कायदा लिहिणाऱ्यांना नदी हलते हे मान्य होतं. आमची मळई कुकडीच्या एका वळणात होती. माझी आज्जी दसऱ्यानंतर तिथे वाल आणि काकडी लावायची. नांगर नाही, खत नाही, हाताने खड्डा करायचा आणि बी टाकायचं. त्या काकड्यांची चव मी अजून विसरलेलो नाही.

ती मळई आता नाही. कशी गेली ते मला आज सांगायचंच आहे, कारण माझ्या आक्षेपाचा आणि तिचा थेट संबंध आहे.

आमच्या खाली अर्ध्या किलोमीटरवर वाळूचा उपसा सुरू झाला. आधी ट्रॅक्टर, मग रात्रीचे डंपर, मग पोकलेन. दोन हंगामांत पात्रात दोन पुरुष खोल खड्डा झाला. आम्हाला वाटलं, खड्डा खाली आहे, आपल्याला काय त्याचं! पुढच्या पावसाळ्यात पूर आला. खड्ड्याच्या वरच्या कडेवरून पाणी धबधब्यासारखं खाली पडायला लागलं. धबधबा झाला की त्याच्या पायथ्याची माती सुटते, वरची कड ढासळते, धबधबा एक पाऊल मागे येतो. पुन्हा ढासळते, पुन्हा एक पाऊल. खड्डा नदीच्या वरच्या अंगाला चालत येतो. एका पुरात तो आमच्या मळईपर्यंत आला. तळ खाली गेला तसा काठ उंच झाला, पायाखालची वाळू सुटलेली, मग काठ उभ्याचा उभा कोसळायला लागला. भाकरीचा तुकडा मोडावा तशी जमीन मोडत होती. मी काठावर उभा होतो, तो आवाज मी ऐकलाय. धप्प व्हायचं आणि मग पाण्यात काळा ढग पसरायचा. तीन दिवसांत अकरा गुंठे गेले. त्याच उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी खाली गेलं, कारण नदीच्या तळावर वाळूची जी गोधडी होती, जी पाणी धरून ठेवायची, तीच कुणीतरी काढून नेली होती. वरच्या अंगाच्या पुलाचे पाये उघडे पडले.

मी अर्ज केला. पंचनामा झाला. कागदावर शेरा आला : ‘पुरामुळे नैसर्गिक धूप.’ मी त्या कागदाची प्रत अजून ठेवली आहे. त्या एका शब्दाने मला फार दुखवलं. नैसर्गिक! नदीने त्या वळणात पिढ्यानपिढ्या देणंघेणं केलं होतं, एका पुरात दोन गुंठे नेले तर दुसऱ्या पुरात तीन आणून दिले. हे नैसर्गिक. खाली कुणी खड्डा खणला आणि त्यापायी वरचा काठ पडला, हे नैसर्गिक कसं? मी कचेरीत बसून कागदावर चित्र काढून दाखवलं. समोरचे गृहस्थ सभ्य होते, ऐकून घेतलं, चहाही दिला. म्हणाले, “सर, पण पाणी तर नदीचंच होतं ना?”

पाणी नदीचंच होतं! माझं सगळं भांडण या वाक्याशी आहे. आपण नदी म्हणजे पाणी असं समजतो. पाणी किती टीएमसी, पाणी किती टक्के, धरण किती भरलं. वाळू, गोटे, गाळ हे आपल्या लेखी नदीत पडलेलं सामान आहे, उचलून नेलं तरी नदी तीच राहील असं. ओढा खोलीकरणात आम्ही काय केलं? सगळे गोटे काढून क्रशरला दिले, ओढा सरळ केला, आणि मग म्हणालो ओढा स्वच्छ झाला. नदीच्या हातातलं हत्यार काढून घेतलं, तळावरचं पांघरूण काढून घेतलं. धरणाखालीही तेच होतं. गाळ आणि वाळू जलाशयात बसते, दारातून येतं ते रिकाम्या हाताचं पाणी. ते कातळाला काही करत नाही, पण खाली जी सुटी माती-वाळू भेटेल ती उचलून नेतं आणि वरून नवी काही येत नाही. माझा धरणाला विरोध आहे असं समजू नका. या सभागृहातल्या निम्म्या घरांत कांदा, द्राक्ष आणि ऊस माणिकडोह-येडगावच्या पाण्यावर आहे. पण काय मिळालं ते लिहितो तसं काय अडलं तेही कुठेतरी लिहून ठेवायला हवं.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. सह्याद्री अजून शिल्लक आहे, तर आता भराभर चला माझ्याबरोबर.

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, थरावर थर. झिजून झिजून आज उरलाय तोसुद्धा पाचेक लाख चौरस किलोमीटर आहे. त्या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना. कुठल्याही डोंगराकडे बघा, कातळाची उभी पायरी, मग उताराची झाडी, मग पुन्हा कातळ. टणक थर कडा होऊन उभा राहतो, ठिसूळ थर उतार होतो. आता शिवनेरीवर उभे राहा आणि हडसर, चावंड, जीवधनकडे बघा. कड्यांच्या रेषा एका डोंगरावरून सुटतात आणि मधली दरी ओलांडून पुढच्या डोंगरावर पुन्हा सुरू होतात. कधीकाळी ते सलग होतं. मधला सगळा कातळ कुकडीने आणि मीना नदीने गोटे करून, वाळू करून, गाळ करून घोड नदीत, घोडने भीमेत, भीमेने कृष्णेत नेला. गड बांधले राजांनी, पण डोंगर सुटे करून दिले ते नद्यांनी. वेळ किती लागला? धरू की नदी वर्षाला सरासरी एका मिलिमीटरचा विसावा भाग खाली जाते. दहा लाख वर्षांत ५० मीटर होतात. आणि आपल्याकडे दहा लाख वर्षं साठ-पासष्ट वेळा होऊन गेली आहेत.

पुढे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र ६४ किलोमीटरवर. पण ती जाते पूर्वेला, १४०० किलोमीटर. गोदावरीचं तेच, त्र्यंबकहून पश्चिम समुद्र ८० किलोमीटर, आणि ती जाते १४६५ किलोमीटर. त्याच महाबळेश्वरातून सावित्री पश्चिमेला निघते आणि शंभरएक किलोमीटरमध्ये बाणकोटला समुद्र गाठते. उंची एकच, वाट तेरा-चौदा पट कमी, पाऊस प्रचंड. उतार म्हणजे वेग, आणि वेगाचे ६४ पट तुम्ही मघाशी ऐकलेत. म्हणून कोकणातल्या नद्या मागे खात येतात, कडा मागे सरकतो, आणि देशावरच्या नद्यांची डोकी एकेक करून पलीकडे जातात. याचा पुरावा बघायचा तर घाटघरच्या पठारावर या. ऐसपैस, सपाट खोरं, आणि त्यात कुकडीचा एवढासा ओहोळ. एवढ्याशा ओहोळाने एवढं रुंद खोरं कोरलं का? खोरं पश्चिमेला बघत बघत जावं तर नाणेघाटाशी ते एकदम संपतं, पुढे हवा, खाली कोकण. जिथून कुकडीचं पाणी एकेकाळी यायचं तो डोंगरच पलीकडच्या नद्यांनी खाल्ला. लोणावळ्याला इंद्रायणीचंही असंच, खोरं मोठं आणि नदी लहान, कारण वरचा भाग उल्हासच्या बाजूला गेला. नाणेघाटात कड्यावर पडणारा थेंब वीतभर अलीकडे पडला तर बंगालच्या उपसागराला जातो, वीतभर पलीकडे पडला तर कल्याणच्या खाडीकडे. आणि ती सीमा दर पावसाळ्यात पूर्वेला सरकते आहे.

बोरी गावाबद्दल बोलायलाच हवं, ते आपल्या जुन्नर तालुक्यातलं. नदी नुसती कापत नाही, कधी भरते. बोरीला कुकडीच्या काठावर मातीचे उंच थर उभे कापलेले दिसतात, त्यात पांढरट राखेचा एक थर आहे. ज्वालामुखीची राख. ती आपल्याकडची नाही, सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, हवेतून आलेली आणि नदीने गाळात पुरून ठेवलेली. ती ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून फार जुन्या, यावर अभ्यासक भांडले. याच गाळात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली. डेक्कन कॉलेजच्या शरद राजगुरूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या नद्यांच्या गाळाचं हे वाचन आपल्याला शिकवलं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात मोसमी पाऊस दुबळा होता, पुरांत जोर नव्हता, नद्यांना आपलंच ओझं पुढे नेता येईना, खोरी गाळाने भरली. दहाएक हजार वर्षांपूर्वी पाऊस सुधारला, पूर परत आले आणि नद्यांनी स्वतःचाच गाळ कापत पुन्हा तळ गाठला. बोरीचा तो उंच काठ आणि प्रवरेकाठच्या घळी त्यातून झाल्या. पाऊस बदलला की नदीचा हात बदलतो, हे त्या काठात लिहिलेलं आहे.

आणखी दोन वाक्यं. पंढरपूरला भीमा वळण घेते, चंद्राच्या कोरीसारखी दिसते, म्हणून चंद्रभागा. वारकरी ज्या वाळवंटात नाचतात ते वाळवंट नदीने आणून टाकलेलं आहे, आणि ती वाळू वरून येत राहिली तरच तिथे राहील. आणि या सगळ्या खोऱ्यांतून निघालेला गाळ शेवटी आंध्रात कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात बसतो. तिथला भात आपल्या डोंगरांच्या मातीवर पिकतो. आता तो गाळ वाटेतल्या धरणांत अडतो आणि तिथला किनारा समुद्र खातोय. जुन्नरच्या डोंगराचा आणि मछलीपट्टणमच्या कोळ्याचा संबंध आहे, तो असा. यावर खरं तर एक स्वतंत्र तास हवा होता.

वेळ संपली. उद्या सकाळी निघोजला जायचं आहे, साडेसहाला वाचनालयाच्या दारात जमा. बूट घालून या, चपला नकोत, खळग्यांच्या कडा फार गुळगुळीत आहेत. मुलांना काठाशी हात सोडू देऊ नका, काही रांजण माणूसभर खोल आहेत आणि पाणी हिरवं असल्याने तळ दिसत नाही. आणि तो गोटा कुठपर्यंत पोहोचला? मागच्या रांगेत त्या मुलीकडे आहे का? असू दे. उद्या येताना घेऊन ये बाळ, निघोजला तो कुठल्या रांजणात बसतो ते आपण लावून बघू.